हनियामावशीच्या घरातली परकी मुलं

सार्डिन मासा घड्याळ बघून जाळ्यात येत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या आसफी बंदरात शेंबड्या पोरालाही कळते. ज्यांनी आमच्या वस्तीत रंगीत भिंतींचं पाळणाघर उघडलं त्या शिकल्यासवरल्या लोकांना मात्र ती शेवटपर्यंत कळली नाही.

बोटी सकाळी नऊला लागोत की दुपारी तीनला, मासा धक्क्यावर आला की कारखान्यातून फोन येतो आणि हातातली कणीक तशीच टाकून आम्ही बायका धावतो. मुंडकी उडवायची, आतडी काढायची, डबे भरायचे. मासा संपेल तेव्हा पाळी संपते. पूर्वी फोन नव्हते, भोंगे होते. प्रत्येक कारखान्याच्या भोंग्याचा आवाज वेगळा, आणि पाळण्यातलं पोरसुद्धा आपल्या आईचा भोंगा ओळखून आधीच रडायला लागायचं.

त्या भोंग्यांच्या काळापासून, म्हणजे चाळीस वर्षं, या धावणाऱ्या बायकांची पोरं एकाच दारातून आत गेली आहेत. ते दार हनियामावशीचं. तिला लिहितावाचता येत नाही. तिच्याबद्दल आजवर जे काही लिहिलं गेलंय ते फक्त सरकारी कागदावर, आणि तो कागद वाचून माझं डोकं फिरलंय. म्हणून हे लिहायला बसले.

मावशी आधी कारखान्यातच होती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर तिथल्याच डब्याच्या पत्र्याने नेलं. बाविसाव्या वर्षी पहिली मुलगी झाली, घरी बघायला कुणी नाही, तेव्हा चाळीस दिवसांच्या पोरीला माशाच्या रिकाम्या खोक्यात फडकी अंथरून ती कामावर घेऊन गेली. साहेब म्हणाला, "इथे डबे भरतात, पाळणे हलवत नाहीत." मावशीने अंगावरचा एप्रन काढला, त्याच्या टेबलावर ठेवला, खोकं उचललं आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ती दारात उभी राहून शेजारणीला ओरडली, "ए, तुझं पोर टाक इकडे! माझं एक रडतंच आहे, दोन रडतील." झालं उद्घाटन. फीत नाही, फोटो नाही.

तेव्हा डब्यातलं दूध आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं आणि आया दहा-दहा तास घरी नसायच्या. मावशीला पाच मुलं झाली. सगळी धरून बारा वर्षं तिच्या अंगावर दूध होतं, आणि कुणाचं पोर भुकेने रडतंय हे बघून तिने कधी पदर आवरला नाही. आता आमच्यात दूध म्हणजे नातं. जिचं दूध प्यायलं ती आई, तिची मुलं ती भावंडं, मग एक घोट का प्यायलं असेना. त्या भावंडांचं आपसात लग्न होत नाही. त्यामुळे आमच्या वस्तीत सोयरीक जमवायची म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो: "हनियाला विचारलं का?"

आज तिच्याकडे सतरा मुलं असतात. रांगणारी दिवसभर, शाळेतली दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. मावशी पहाटे पीठ मळते, पावांवर त्या थोट्या बोटाने तीन खळगे पाडते, ती घराची खूण. मग फळी डोक्यावर घेऊन मुलं गल्लीतल्या भट्टीवर जातात. भट्टीवाल्याकडे पन्नास घरांचे पाव असतात, तेव्हा पाव आणायला घरचंच पोर पाठवायचं, परक्याला नाही, असा आमचा रिवाज. अंगणात मोठी मुलं लहानांचा अभ्यास घेतात आणि मावशी मसूर निवडता निवडता गणितं घालते.

"पाच पावांचे वीस तुकडे. सतरा पोरं. उरले किती?"

"तीन!"

"ते माझे. चला, पुढचं."

मोबदला म्हणाल तर कुणी पीठ देतं, कुणी साबण, कुणी मासे. तिने कधी कुणाला विचारलं नाही. मी महजूबा. माझी दोन: आठ वर्षांचा मुनीर आणि दीड वर्षाची शामा. नवरा बोटीवर. म्हणजे मासा सापडला की तो समुद्रात आणि मी कारखान्यात, दोघंही एकाच वेळी गायब.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी ते पाळणाघर उघडलं. भिंतीवर हसरे सूर्य, आत प्लास्टिकची घसरगुंडी, दारात फीत कापायला टाय लावलेली माणसं. वेळ सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी अडीच ते सहा. ऑगस्टमध्ये बंद. ऑगस्टमध्ये! ज्या महिन्यात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते त्या महिन्यात!

मीही भुलले, खोटं कशाला बोलू. वाटलं, शामाला चांगली खेळणी मिळतील. अर्जात एक रकाना होता, 'आईच्या कामाची वेळ'. मी लिहिलं, 'मासा येईल तेव्हा.' टेबलामागची बाई म्हणाली, "असं लिहिता येत नाही. नऊ ते सहा लिहा." मी लिहिलं.

चौथ्या दिवशी बोटी दुपारी तीनला लागल्या. साडेसातला सुटले आणि तशीच पळत गेले. पाळणाघराला कुलूप. फाटकाशी पहारेकऱ्याच्या खोपटात, एका खुर्चीवर, माझी शामा बूट हातात धरून बसली होती. चड्डी ओली, डोळे सुजलेले. पहारेकरी बिचारा म्हातारा माणूस, त्याने आपल्या खिशातलं बिस्किट तिला दिलं होतं. ते तिने खाल्लंही नव्हतं, मुठीत चुरा केला होता.

सकाळी संचालिकाबाईंनी बोलावून घेतलं. वाटलं, माफी मागतील. कुठलं काय!

"असं तीनदा झालं तर नाव कमी होईल," त्या म्हणाल्या. "आणि आत येताना जरा कपडे बदलून येत जा. मुलांना वास सहन होत नाही."

"त्या वासाला पोरं आई म्हणतात, बाई!" मी म्हटलं, शामाला उचललं आणि थेट मावशीच्या अंगणात आणून ठेवलं. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही की गेली होतीस कशाला. फक्त शामाची चड्डी बदलली आणि मला म्हणाली, "बूट दिले होतेस तिला? मग मोजेही द्यायचे ना, गाढवे."

माझ्यासारख्याच बाकीच्याही एकेक करून परत आल्या. जानेवारीत त्या पाळणाघरात मुलांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. आता आपली वेळ चुकतेय, ती बदलावी, हे त्यांच्या डोक्यात यावं की नाही? नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी ठरवलं की दोष हनियाच्या अंगणाचा.

आयाशी आमच्या वस्तीचा मुकद्दम. कोण जन्मलं, कोण मेलं, कुणी गच्चीवर खोली चढवली, हे कचेरीला कळवणारा. एका सोमवारी तो खाली मान घालून कागद घेऊन आला. स्वतःची दोन मुलं याच अंगणात वाढलेली, त्यामुळे त्याच्याने चहाचा पेलाही हातात धरवेना. कागद मी वाचून दाखवला. परवान्याशिवाय राहत्या घरात नात्याबाहेरची तीनपेक्षा जास्त मुलं सांभाळता येणार नाहीत. पुढच्या मंगळवारी तपासणी. जास्त आढळल्यास दाराला सील.

"मग परवाना काढू की," मावशी म्हणाली.

आयाशीने मान हलवली. "त्याला दोन संडास लागतात, मुलांचा वेगळा जिना लागतो आणि पदविका लागते, हनियाबाई."

"चाळीस वर्षं हिने संडास पुसले ते दिसले नाहीत का कुणाला? आणि वर पदविका हवी?" मी आयाशीवर खेकसले. तो काय करणार? पण समोर तोच होता.

मावशी मात्र मसूर निवडत राहिली. मग म्हणाली, "महजूबे, ते परत वाच. कसली मुलं?"

"नात्याबाहेरची."

"हं," ती म्हणाली आणि मसुराचं ताट बाजूला सारलं.

शुक्रवारी कुसकुस खायला तिने सगळ्या आयांना बोलावलं. जेवण झाल्यावर एकेकीकडे बोट करून, ते थोटंच बोट, ती सांगायला लागली. "बतूल. तू चावायचीस, मेले. लिही, महजूबा. झहरा. सात महिने पाजलं, तुझी आई बाळंतरोगाने पडून होती. रहमा, तू एकदाच, पण पोटभर." तीस-पस्तिशीच्या थोराड बायका, कारखान्यात शिव्यांना शिव्यांनी उत्तर देणाऱ्या, लाजून लाल झाल्या होत्या. मावशीचं म्हणणं सरळ होतं. या माझ्या दूधमुली. यांची पोरं ती माझी नातवंडं. नातवंडं नात्याबाहेरची कशी?

मी मोजलं. सतरापैकी तेरा मुलं नात्यात बसली. राहिली चार. डोंगराकडून नवीन आलेल्या तामूची जुळी मुलं, आणि माझी दोन.

"माझं नाव कुठंय?" मी विचारलं. "मी तर चाळीस दिवसांची असल्यापासून इथे होते. यमना आणि मी एका फडक्यात झोपायचो." यमना मावशीची धाकटी, माझ्याच वयाची.

मावशीने पहिल्यांदा नजर चुकवली. "तुला मी चमच्याने शेळीचं दूध घालायचे."

"का?"

"तुला जिलालीसाठी ठेवली होती," ती म्हणाली. "तू गोरीगोमटी, तुझी आई गुणाची. वाटलं, पाजलं तर बहीण होईल, मग सून कशी होणार?"

सगळ्या खो खो हसल्या. जिलाली, मावशीचा मुलगा, विसाव्या वर्षी इटलीला गेला आणि तिकडेच लग्न करून बसला. ईदला फोन करतो. मला हसू आलं नाही. एका अंगाला यमना दूध पितेय आणि दुसऱ्या अंगाला मी चमचा चाटतेय, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. सूनही झाले नाही आणि लेकही नाही.

बतूल म्हणाली, "मावशी, मग घाला की हिचंही नाव. एक घोट पाजला म्हणा. कोण बघायला आलं होतं?"

मावशी अशी उसळली की कुसकुसचं ताट हललं. "दुधाची खोटी साक्ष? उद्या हिचा मुनीर आणि माझी एखादी नात एकमेकांना आवडली, तर अल्लाने जे हलाल केलंय ते मी हराम करू? दार बंद झालं तरी चालेल. खोटं बोलणार नाही."

बतूल ताटं गोळा करायला लागली. मीही.

शनिवारी आम्ही नऊ बायका अदूलकडे गेलो. लग्नाचे, वारशाचे कागद करतात ते. बाकी ठिकाणी आमच्या शब्दाला पुरुषाच्या निम्मी किंमत, पण दुधाच्या बाबतीत बाईच्याच साक्षीवर सगळं चालतं. पुरुषांना त्यातलं काय ठाऊक असणार? म्हाताऱ्या अदूलने चष्मा पुसला. "लग्न मोडायला दुधाचा दाखला घेऊन पुष्कळ येतात. पोरं सांभाळायला कुणी आलं नव्हतं." कुरकुरत का होईना, त्याने तेरा नावांचा कागद करून दिला.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तपासनीस मॅडम आल्या. इब्तिसाम त्यांचं नाव. तरुण, नीटनेटकी बाई, हातात फाईल, मागे आयाशी. शाळा सुटून मुलं आलेली. मॅडमनी डोकी मोजली. सतरा.

मावशीने अदूलचा कागद पुढे केला. मॅडमनी वाचला, परत वाचला. "हे दुधाचं नातं आहे, आजी. नियमात नातं म्हणजे रक्ताचं."

"असं का?" मावशी म्हणाली. "उद्या ही बतूल माझ्या मुलाशी लग्न लावायला तुमच्या कचेरीत आली तर लावून द्याल?"

"नाही. ते कायद्याने चालत नाही."

"का नाही?"

"ती त्याची बहीण लागते म्हणून."

"मग लग्नाच्या दिवशी बहीण, आणि तिचं पोर सांभाळायच्या दिवशी परकी? असला कसला तुमचा कायदा? एका डोळ्याने बघतो का तो?"

मॅडमनी कागद पुन्हा उलटून बघितला. आयाशी दाराच्या कडीकडे बघत होता. मावशीने सहज विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी."

"आत्ता कुठे असते?"

"माझ्या आईकडे."

"म्हणजे नात्यात. नशीबवान आहात हो."

पेनाचं टोपण उघडझाप करून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. तेरा मी नात्यात धरते. वर काय सांगायचं ते मी बघते. पण उरतात चार आणि मर्यादा तीनची. एक मूल जावंच लागेल." त्यांनी फाईल चाळली. "शामा. हिचं नाव पाळणाघरात आहेच. तिला तिकडे पाठवा."

माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. हातातले बूट आले. "तिथे?" मी ओरडले. "त्या पहारेकऱ्याच्या खोपटात? सहानंतर माझं पोर कुणाचं, ते लिहिलंय का तुमच्या फाईलीत? तिला पाठवायचं तर मला काम सोडायला सांगा, आणि मग मी काय खायला घालू तेही लिहून द्या!"

"मी नियम केलेले नाहीत, बाई," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, पण पेन कागदावर टेकलं होतं.

"थांबा," मावशी म्हणाली. "महजूबे, शामाचं वय किती?"

"एक वर्ष सात महिने."

"दोन पुरी नाहीत ना?"

"नाहीत."

"यमना!" मावशीने आत हाक मारली. यमना तिच्या चार महिन्यांच्या बाळाला झोपवत होती. "इकडे ये. बाळ ठेव खाली."

यमना बाहेर आली. आईचा चेहरा बघितला, माझा बघितला, अंगणातली शामा बघितली, आणि एक शब्द न विचारता चटईवर बसली. मावशीने शामाला उचलून तिच्या मांडीत दिलं आणि वरून आपली शाल टाकली. "आयाशी, भिंतीकडे तोंड कर!" आयाशी असा गर्रकन वळला की त्याचं नाक भिंतीला लागलं असेल.

शामाने आधी तोंड फिरवलं. पाच महिन्यांपूर्वी माझंच दूध तुटलं होतं तिचं. यमनाने तिच्या केसांतून हात फिरवला, काहीतरी पुटपुटली. मग शालीखाली चुकचुक ऐकू आली. अंगणातली सतरा, म्हणजे सोळा पोरं चिडीचूप.

"दोन वर्षांच्या आतलं दूध नात्यात धरतात, आणि त्याला दोन बायकांची साक्ष लागते," मावशी मॅडमना म्हणाली. "एक महजूबा. दुसऱ्या तुम्ही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत. आता ही यमनाची मुलगी, म्हणजे माझी नात. लिहा."

मॅडमचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता ओरडतील, कचेरीची थट्टा केली म्हणतील. त्यांनी नुसतं शालीकडे बघितलं. मग लिहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या दुप्पट संताप झाला. एका पोरीला चार भिंतींत सुखरूप बसायची परवानगी मिळावी म्हणून एका बाईला कचेरीच्या माणसांसमोर पोलकं उघडावं लागतं! आणि ते पाळणाघर, ते हसरे सूर्य, ती घसरगुंडी, सहा वाजता कुलूप लावून मोकळे. त्यांची तपासणी करायला कुणी येत नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. मासा आला होता. बतूलचा वाजला, झहराचा वाजला. आम्ही चपला शोधायला लागलो. मॅडम अहवाल पूर्ण करत होत्या आणि मुनीर त्यांच्या कोपराशी उभा राहून मान वाकडी करून वाचत होता. वाचायची भारी हौस त्याला, मावशीच्याच अंगणात लागलेली.

"नात्यातली मुलं चौदा," त्याने मोठ्याने वाचलं. "परकी मुलं तीन." पुढे नावं होती. तामूच्या जुळ्यांची, आणि त्याचं. तो वर बघायला लागला. "आजी, मी परका आहे?"

दोन वर्षांचा असताना तो इथे गोवराने फणफणला होता तेव्हा मावशीने सहा दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवला नव्हता. तिने पदराने नाक पुसलं, कोपऱ्यातली पावांची रिकामी फळी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"परक्याच्या हाती कुणी घरचे पाव सोपवतं का रे, मूर्खा? तीन खळग्यांचे आपले. नीट बघून आण. पळ."

तो पळाला. मॅडमनी हे सगळं ऐकलं. मी दारातून वळून बघितलं, त्या अहवालाखाली सही करत होत्या. तो शब्द त्यांनी खोडला नव्हता.